दहाव्यानंतरचं बारसं

मनुबाई मेली त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि ती सांगलीला विश्रामबागेत बसून शाळेच्या पोरांच्या चड्ड्या शिवत होती.

तिला मारलं होतं तिच्या नवऱ्यानं, तेही नुसत्या तोंडानं. बहात्तर सालच्या दुष्काळात ज्योतिबा नावाचा हा गृहस्थ विट्याजवळच्या तिच्या गावात आला. कानपुरात आपलं गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान आहे म्हणाला. विट्याकडची कितीतरी तरणी माणसं याच धंद्यापायी मुलुखभर पांगलेली, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. हुंडा नको, मानपान नको, लग्नसुद्धा माझ्याच खर्चानं करू म्हणाला. असा जावई बघून गाव हुरळलं, आणि एरवी सोयरिकीत जे पहिलं विचारायचं तेच विचारायचं राहिलं, की पाव्हणं, तुमचं आजोळ कुठलं? म्हैस घेताना चारदा कास चाचपणारी आमची माणसं, पण लेक देताना गोड बोलण्यावर गेली.

कानपुरात दुकान नव्हतं. एक गल्ली होती, गल्लीत एक माडी होती, आणि मनूला त्या माडीवर विकून ज्योतिबा दुसऱ्या दिवशी पसार झाला. तिथं तिनं जे दीड वर्ष काढलं त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि आपणही उकरून काढायचं कारण नाही. सुटली ती शिवीमुळं. एक दिवस माडीच्या खिडकीत उभी राहून ती खालच्या दलालाला आपल्या बोलीत "मुडद्या, तुजं मडं बशीवलं" म्हणून ओरडली. नेमका तेव्हा नाथाजी हा खराखुरा गलाईवाला खालून चालला होता. परमुलखात गावाकडची शिवी कानावर पडली तसा तो जागीच थांबला. त्यानं आपल्या धंद्यातली दहा माणसं गोळा केली, पोलीस आणले, आणि मनूला खाली उतरवलं. मग त्याच्या बायकोनं तिला आगगाडीनं थेट सांगलीला चंदनबालाताईंच्या घरी पोचवलं.

चंदनबालाताई जैन घरातल्या, विधवा, पन्नाशीच्या. नवऱ्यामागं उरलेल्या मोठ्या घरात त्यांनी अशाच परत आलेल्या बायकांसाठी आश्रम काढला होता. शिवण, वाचणं-लिहिणं, दवाखाना, कोर्टकचेरी, सगळं त्या बघायच्या. कुणी तोंड लपवून रडायला लागली की म्हणायच्या, "ज्या सतीवरून माझं नाव ठेवलं ती बाजारात विकली गेली होती, बाई. आम्ही तिला देवळात हात जोडतो."

मनूला घरी पोचवायचं म्हणून नाथाजीनं गावात चौकशी केली तेव्हा कळलं की ज्योतिबा आधीच तिथं येऊन ढसाढसा रडून गेला होता. मनू पटकीनं गेली म्हणाला. बापानं, कोंडीबानं, लेकीचं दहावं घातलं, गाव जेवून मोकळं झालं. हे ऐकून मनू ताईंना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मला मेल्यालीच. मेल्याल्या लेकीला कुणी नावं ठेवत न्हाई." ताईंना ते पटलं नव्हतं. पण जबरदस्ती करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पंच्याहत्तरला तुळशीच्या लग्नानंतर नाथाजी गावी आला आणि तिथली बातमी ऐकून तसाच धावत विश्रामबागेत आला. ज्योतिबा पुन्हा मनूच्या गावात आला होता. मनूच्या आठवणीनं तीन वर्षं दुसरं लग्न केलं नाही म्हणे. आता थोरलीच्या जागी धाकटी द्या, घरातलं नातं घरात राहील, असं त्याचं म्हणणं होतं. थोरली गेली की धाकटी त्याच घरी द्यायची रीत आपल्याकडं आहेच. गावाला तर गहिवर आला होता. मनूची आत्या रंगुबाई हिनं ही सोयरीक पुढं होऊन जमवली होती. उद्या सुपारी फुटणार होती, परवा अक्षता. धाकट्या बहिणीला, बनूला, सोळावं लागलं होतं.

मनूच्या हातातली कात्री खाली पडली. आपण आपली अब्रू झाकायला मेलेली राहिलो आणि त्याच मरणाच्या आधारानं तो बनूला न्यायला आलाय, हे तिला लख्ख दिसलं. असा राग तिला माडीवरसुद्धा आला नव्हता.

सकाळच्या एसटीनं ताई आणि ती निघाल्या. वाटेत विट्याच्या पोलीस ठाण्यात ताईंनी कानपूरच्या पोलिसांचे कागद दाखवून एक हवालदार बरोबर घेतला. लोकांसमोर काय सांगू, कुठनं सुरुवात करू, असं मनू ताईंना पुन्हापुन्हा विचारत होती. ताई म्हणाल्या, "काहीच सांगू नकोस. नुसती उभी राहा. तू उभी राहिलीस की त्याचं सगळं खोटं झोपलं."

दुपारी हवालदाराला मांडवाच्या तोंडाशी ठेवून त्या आत शिरल्या तेव्हा पाट मांडले होते आणि सुपारी पानावर होती. कुणीतरी बाई किंचाळली. रंगुबाईच्या हातातलं ताट निसटून कुंकू सगळ्या मांडवभर झालं. माणसं मागं सरकली, कारण दहावं झालेली बाई भर दुपारी चालत आली तर माणसानं करायचं तरी काय? फक्त ज्योतिबा सावध होता.

"ही ती न्हवं," तो उठून म्हणाला. "कुठनंतरी धरून आणल्याली बाई हाय. कोंडीबास्नी ईचारा की. सोताच्या हातानं पिंड ठिवलाय त्येनी."

सगळ्या मांडवानं कोंडीबाकडं बघितलं. म्हातारा नुसता "न्हाई" म्हणाला असता तरी भागलं असतं. घराण्याची अब्रू राहिली असती, सुपारी फुटली असती आणि पंगत बसली असती. मनूला वाटलं, बाप न्हाईच म्हणणार. तिनं पाटावर बसलेल्या बनूकडं बघितलं आणि ती तशीच उभी राहिली.

"पिंडाला कावळा शिवला न्हवता," कोंडीबा म्हणाला. "दिस कलंस्तवर बसलो हुतो वड्याला. मग भटजीनं दर्भाचा कावळा करून शिवीवला. तवापास्नं माज्या जिवाला घोर हाय. जित्या माणसाच्या पिंडाला कावळा कसा शिवंल? ही माजी मनूच हाय."

त्या गोंधळात ज्योतिबा मांडवामागनं सटकला आणि फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघत उभा राहिला. एसटी वेळेवर आली असती तर सुटलाही असता. पण एसटीनं आपला शिरस्ता मोडला नाही, आणि हवालदारानं त्याला फाट्यावरच धरला.

आता सगळं झालं असं वाटलं, तर लालासाहेब सुभेदार पुढं आले. हे पेन्शनीतले, भाऊकीतले वडीलधारे, रीतीला फार पक्के. पोरगी आली, लय चांगलं झालं, म्हणाले. पण दहावं घातलेलं माणूस उंबऱ्याच्या आत घ्यायचं कसं? तिच्या नावानं पाणी सोडलेलं. मांडवातले पुरुष माना हलवायला लागले. मनू अंगणात उभी होती आणि उंबरा तिच्यापासून चार पावलांवर होता. माडीवरनं उतरायला दहा माणसं आणि पोलीस लागले, हा उंबरा चढायला कोण लागणार, असं तिच्या मनात आलं.

उत्तर दिलं रंगुबाईनं. तिच्या लुगड्यावर अजून कुंकू सांडलेलं होतं.

"आवं सुभेदार, मेल्यालं मानूस घरात यील न्हाई, ह्ये खरं. पर जलमल्यालं यील का न्हाई? बारसं घालू की पोरीचं. पाळणा आना."

सुभेदारांनी पुष्कळ विचार केला, पण याविरुद्ध रीत त्यांना सापडेना.

पाळणा शेजारून यायचा होता. तेवढ्या वेळात ताईंनी सगळ्या बायका ओट्यावर बसवल्या, आणि मनू आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत बोलली. थोडंच बोलली. दुकान नव्हतं, एवढं सांगून पुढचं तिनं बायकांवर सोडलं, आणि बायकांना ते कळलं. दोघीतिघींनी आपल्या लांब दिलेल्या लेकींची नावं घेतली, त्यांचं वर्ष-वर्ष पत्र नव्हतं. मनूनं ती नावं कागदावर उतरवून घेतली. नाथाजीसारखे गलाईवाले गावोगाव होते, त्यांच्याकडनं शोध घेता येणार होता. आणि असं ठरलं, की यापुढं परमुलखातलं स्थळ आलं की सुपारीआधी पाव्हण्याच्या आजोळी पोस्टकार्ड जाईल आणि उत्तर आल्याशिवाय पाट मांडायचा नाही. ज्याला घाई असेल त्यानं दुसरं गाव बघावं. कार्डं लिहायची मनूनं. बनू म्हणाली, मला पण लिव्हायला शिकीव.

पाळण्यात वरवंटा कुंची घालून निजवला आणि मनूला शेजारी पाटावर बसवलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, झालं. एक म्हातारी म्हणाली, नवं नाव ठेवा, जुन्याला डाग लागलाय. मनूनं मान हलवली. "मनूच ठिवा. डाग माजा न्हाई."

नाव ठेवायचा मान आत्याचा. रंगुबाई मनूच्या कानाशी वाकली. मग तिनं "मनू" म्हटलं आणि लहान पोराच्या कानात करतात तसं कुर्रर्र केलं. तसा बायकांनी रिवाजाप्रमाणं आत्याच्या पाठीवर मारा सुरू केला, आणि खरं सांगायचं तर रिवाजापरीस चार बुक्क्या जास्तच घातल्या. एरवी आत्या "पुरं गं" म्हणत हसत पळते. रंगुबाई वाकलेलीच राहिली.

"तूबी घाल की गं," ती मनूला म्हणाली. "तुजा हक हाय."

मनूनं हात उचलला. तो तिनं आत्याच्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.