दारावरचं आगो

"ताई, लॅपटॉपवर तीनदा लावला. कुणी उचललाच नाही," येबोआ फोनवर म्हणाला.

पोकुआ लॅपटॉपसमोरच बसली होती. "वाजलाच नाही रे."

"पापा असताना पहिल्या घंटीला उचलायचे."

तिने वायफाय बंद करून चालू केलं. लॅपटॉप लगेच वाजला, पडद्यावर भाऊ हसला. मग त्याने फोन ठेवला, दहा मिनिटांनी पुन्हा लावून पाहिला, आणि लॅपटॉप गप्प.

पापांना जाऊन सहा दिवस झाले होते. उद्या, शनिवारी सकाळी, भाऊबंद लाल-काळे कपडे नेसून अंगणात बसणार होते आणि पापांच्या आईकडच्या घराण्याचे प्रमुख, नाना, अंत्यविधीची तारीख सांगणार होते. येबोआला कॅनडातून निघता येत नव्हतं. कागद अजून झाले नव्हते, एकदा बाहेर पडला तर परत शिरायला मिळालं नसतं. तारीख सांगितली जाताना मुलगा समोर असावा, एवढंच काय ते हाती उरलं होतं. त्या वेळी तो मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीवर असणार. पंधरा मिनिटांची सुट्टी मिळणार, पण कधी ते मुकादमाच्या मर्जीवर. त्याचा फोन कपाटात कुलूपबंद असणार, म्हणजे विश्रांतीच्या खोलीतल्या संगणकावरून तोच लावेल. अंगणभर माणसांना तो दिसायचा तर टीव्हीवर, आणि टीव्हीला जोडता येईल असं घरात एकच होतं: पापांचा लॅपटॉप. तिचा स्वतःचा अक्रातच राहिला होता. निघताना तिने चपलासुद्धा वेगवेगळ्या जोडातल्या घातल्या होत्या.

नाना खुर्च्या मोजायला आले होते. काठी टेकवत दारात थांबले.

"पोकुआ, तुझा भाऊ पेटीतून येणार म्हणे. पेटी उघडलीच नाही, तर मी तोंडात शब्द धरून बसायचं का?"

"उघडेल, नाना."

"उघडली नाही तर मी थांबायचो नाही. सूर्य कुणासाठी थांबतो?" मग जरा खालच्या आवाजात, "तुझ्या बापाचं यंत्र मात्र कधी झोपलेलं पाहिलं नाही मी. त्याच्या काळ्या चौकटीत दिवसभर ओळी चालत असायच्या, मुंग्यांसारख्या."

ते गेल्यावर ती कामाला लागली. नेटवर्कमधला बिघाड शोधणं हे तिचं अक्रातलं रोजचं काम होतं. फोन त्याच वायफायवर नीट चालत होता, म्हणजे राऊटर निर्दोष. लॅपटॉप राऊटरला चिकटवून ठेवला तरी तेच, म्हणजे अंतराचा प्रश्न नाही. लिनक्सच्या नोंदी तिने खालून वर वाचल्या. दर वेळी तोच क्रम होता: काही मिनिटं काहीच वाहतूक नाही, मग वायफायचं कार्ड वीज वाचवायला झोपी जातं आणि उठायचं विसरतं. जुन्या कार्डांची खोड. बाहेरून कुणी कितीही हाक मारली तरी आत ऐकायला कुणी नाही.

मग पापांच्या हातात ते जागं कसं राहायचं?

तिने टर्मिनल, आज्ञा द्यायची ती काळी चौकट, उघडून वरचा बाण दाबला. पापांनी शेवटची दिलेली आज्ञा समोर आली: आगो. पुन्हा दाबला. आगो. आणखी मागे गेली. मधूनच एखादी फाइल उघडल्याची ओळ, बाकी सगळं आगो. दारात उभं राहून द्यायची हाक, जिला आतून ‘आमे’, म्हणजे ‘या’, असं उत्तर येतं, ती पापांनी यंत्राला शिकवून ठेवली होती. आगो म्हणजे काय करायचं, ते तिने शोधून काढलं. एकच ओळ होती: दर सेकंदाला एक पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ एवढीच विचारणा, पाठवत राहा. कार्डाला झोपायला सवडच नाही. पुढे पत्ता होता. अक्रातल्या तिच्या स्वतःच्या सर्व्हरचा.

दोन वर्षांपूर्वी पापांनी फोनवर विचारलं होतं, "अगं, तुझं यंत्र जिवंत आहे ना? मी आगो म्हणतो, ते आमे म्हणत नाही."

ती घाईत होती. "जिवंत आहे, पापा. पिंगला उत्तर देणं मीच बंद केलंय. सुरक्षेसाठी. सगळेच करतात."

"बरं बरं. उत्तर नको. मी आपला दार वाजवत राहीन."

तिला वाटलं होतं, गंमत करताहेत.

आई मागे येऊन उभी राहिली. "सापडलं?"

"सापडलं."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाही, मा."

कार्डाची झोप कायमची बंद करायला एका फाइलमध्ये एक ओळ पुरली. येबोआने अर्ध्या तासाने लावला, मग तासाने. दोन्ही वेळा वाजला. आता आगोची गरज उरली नव्हती. फोनवरून ती आपल्या सर्व्हरवर गेली, पिंगचं दार उघडलं, आणि लॅपटॉपवर पापांची आज्ञा दिली. काळ्या चौकटीत ओळी चालू लागल्या. प्रत्येक आगोला उत्तर येत होतं.

शनिवारी नाना बोलायला उभे राहिले आणि टीव्ही वाजला. पडद्यावर येबोआ, डोक्यावर कारखान्याची जाळीदार टोपी, डोळे लाल. नानांनी त्याच्याकडे बघून घसा साफ केला.

"आलास का? टोपी काढ. तुझ्या बापाबद्दल बोलतोय."

येबोआने टोपी काढली. नानांनी तारीख सांगितली. सुट्टी संपेपर्यंत तो तसाच उभा होता.

सोमवारी ती अक्राला परतली. निघताना आईने विचारलं होतं, हे यंत्र बंद करायचं का. राहू दे, ती म्हणाली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिने सर्व्हरवर पाहिलं. मामपोंगच्या घरातल्या पापांच्या रिकाम्या खोलीतून सेकंदाला एक आगो येत होतं. ती बघत बसली. दोन वाजून दहा मिनिटांनी ते थांबलं.

तिने फोन लावला. "मा, वीज गेली का गं?"

"आत्ताच गेली," आई म्हणाली. "तुला कसं कळलं?"