दाराबाहेरचं ध्रुपद

जवळ सरका मंडळी, मागच्या खुर्च्या रिकाम्याच राहू द्या. गोष्ट एका शब्दाची आहे, आणि ती लांबून ऐकण्यातली नाही.

लीलावतीबाईंनी चिपळ्या फडक्यात गुंडाळून पेटीवर परत ठेवल्या.

"बायबलातलं वचन वाचीन, शंभर कप चहा करीन. कीर्तनाला मात्र मला उभं करू नका."

पद्माकरने पेटीचा भाता सोडला. हा त्यांच्या भाचीचा, सुचेताचा नवरा. हॅरोच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची सुगीची उपासना उद्यावर आली होती. बर्मिंगहॅमच्या कीर्तनकारांचा घसा बसला होता, आणि ऐनवेळी इंग्लंडात दुसरा कीर्तनकार आणायचा कुठून? बाईंचे वडील नगर जिल्ह्यात गावोगाव कीर्तनं करत. या चिपळ्या त्यांच्याच. मिशनची नर्स म्हणून बाई मलावीच्या एका खेड्यात सव्वीस वर्षं राहिल्या, तिथंही त्या सोबत होत्या.

"सिंहांच्या मुलखात राहिलात आत्या, आणि हॅरोच्या चाळीस माणसांना भिता?"

"सिंह कुठला आलाय? कोंबड्या होत्या. लशींच्या फ्रिजखाली अंडी घालायच्या."

तेवढ्यात दारातल्या पोस्टाच्या फटीतून कुणी तरी पिझ्झाची जाहिरात टाकली. झडप वाजली. बाई दाराकडे न बघता पुटपुटल्या, "ओडिनी."

आत्या घरी राहायला आल्यापासून तीन वर्षं सुचेता हे ऐकत होती. वयाचं असेल म्हणून तिने कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

बाईंनी फडक्याची गाठ सोडली, परत मारली. मग सांगू लागल्या. तिकडे दार ठोठावत नाहीत. आलेलं माणूस अंगणाच्या कडेला उभं राहून 'ओडी' म्हणतं. आतून 'ओडिनी', म्हणजे 'या', असं आलं की मगच पाऊल टाकायचं. नाही आलं तर थांबायचं. बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं; जाऊन नऊच दिवस झाले होते. बाळांचं वजन करायचा काटा आंब्याच्या फांदीवरून उतरवला, मक्याची उकड चुलीवर ठेवली, आणि घराची आठवण फार आली म्हणून चिपळ्या काढल्या. वडिलांचं पद लावलं: 'ओढी मज, नाथा, तुजकडे ओढी.' बाहेरून कुणा बाईचा आवाज आला, ओडी.

"मला वाटलं, कुणी तरी ध्रुपद धरलंय," बाई म्हणाल्या. "नऊ दिवसांत कुणी माझ्या भाषेतलं बोललं नव्हतं गं. मी आणखी रंगात आले. मी म्हणायची ओढी, ती म्हणायची ओडी. अर्धा तास."

पद संपवून, कोण आहे ते बघायला त्या हसत बाहेर आल्या. ती उभीच होती. पाठीला बांधलेल्या बाळाला तापाचे झटके येत होते. बाईंनी क्विनाइन टोचलं. तासाभरात बाळ गेलं. अर्धा तास आधी टोचलं असतं तर वाचलं असतं की नाही, हे कुठल्याच डॉक्टरला सांगता आलं नाही.

"ती मलाच समजावत होती. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, तुम्ही देवाशी बोलत होता, मध्ये कशी येऊ?"

बाळाचं नाव चिसोमो. त्यांच्या भाषेत कृपा. तिकडे आईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, मूल राहो न राहो. पुढची सगळी वर्षं ती दर आठवड्याला दवाखान्यात येई, पाठची लेकरं घेऊन. त्याच जागी थांबून एकदाच 'ओडी' म्हणे. आणि आत या, चिसोमोच्या आई, असं बाईंना म्हणावं लागे.

सुचेताने आत्याचा हात धरून ठेवला. पद्माकर बराच वेळ पेटीच्या पट्ट्यांवरची नसलेली धूळ पुसत राहिला.

"आत्या," तो म्हणाला, "ध्रुपद आम्ही नाही धरणार. ती जागा मोकळी ठेवू."

दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये भोपळे, सफरचंदं आणि डाळींचे डबे यांच्यामागे लीलावतीबाई उभ्या राहिल्या. आवाज आधी फाटला, मग लागला. 'ओढी मज, नाथा, तुजकडे ओढी,' असं म्हणून त्यांनी चिपळ्या थांबवल्या. पेटीही थांबली. बाई शब्द विसरल्या असं वाटून पहिल्या रांगेतल्या रेखाताई हळूच ओळ सांगू लागल्या. सुचेताने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाई रांगांमधून चालत गेल्या आणि हॉलचं जड दार त्यांनी उघडलं. ऑक्टोबरचा गार वारा आत आला, थोडी ओली पानं आली. बाहेर गाड्या लावायची जागा होती, दुसरं काही नाही.

"ओडिनी," बाई म्हणाल्या, आणि वाट द्यायला बाजूला झाल्या.

दार त्यांनी लावलं नाही. पुढचं कीर्तन मंडळीने कोट घालून ऐकलं, आणि पद्माकर सांगतो की त्यानंतर प्रत्येक ध्रुपदाला बाई क्षणभर थांबत होत्या. तेवढाच वेळ, जेवढा दुसऱ्याला 'ओडी' म्हणायला लागतो.

तुम्हीही प्रार्थनेत चार नावं घेत असाल, त्यांत त्या बाळाच्या आईचं एक घ्या. तिचं स्वतःचं नाव लीलावतीबाईंनाही ठाऊक नव्हतं. चिसोमोची आई म्हणा. वर तेवढ्याने कळतं.