खाली बसा

बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता आणि माझा धाकटा भाऊ हेकाऊ त्यांची होडी घेऊन समुद्रात होता. सकाळी निघाला तेव्हा पाणी स्वच्छ पुसल्यासारखं सपाट होतं. दुपारनंतर पश्चिमेकडून लाटा यायला लागल्या. वारा नाही, आभाळात ढग नाही. फार लांब कुठेतरी झालेल्या वादळाचं ते पाणी आमच्या कड्यावर येऊन आपटत होतं.

आमच्या निउए बेटाला वाळूचा किनारा म्हणावा असा नाहीच. कडा, कड्याच्या पायाशी प्रवाळाचा अरुंद ओटा, आणि ओट्याला पडलेली एक चीर, उलांडीची, म्हणजे एका बाजूला तोल धरणारं लाकूड बांधलेली, होडी जेमतेम मावेल एवढी. आमच्या गावची माणसं तिथूनच जातात आणि तिथूनच परततात. अलोफी बंदराच्या धक्क्यावरून लाटा पलीकडे जात होत्या, तिकडे वळण्यात अर्थ नव्हता. गावातली इंजिनाची बोट अशा पाण्यात उतरवता येत नाही. सूर्य कलला होता. अंधाराच्या आत हेकाऊ या चिरीतून आत यायला हवा होता.

होडीतल्या माणसाला चिरीत पाणी किती उरलंय ते दिसत नाही. ते ओट्यावरून दिसतं, म्हणून एक जण ओट्यावर उभा राहतो. हात वर असेल तर थांबायचं, खाली आला की यायचं. दोन्ही हात बाजूला फेकले तर होडी सोडून उडी मारायची. आमच्या गावात हा एक जण म्हणजे बाबा. लहानपणी मी त्यांच्या मागे कोरड्या खडकावर बसून असायचे. तो तिसरा इशारा त्यांनी मला करून दाखवला होता, पण कुणासाठी वापरलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी पायऱ्या उतरून आले तेव्हा अर्धं गाव कड्याखाली जमलं होतं. तिवा आत्या, बाबांची थोरली बहीण, टॉवेल हलवत होती.

"आत्या, तो खाली घे."

"लांब राहा म्हणून सांगतेय मी त्याला."

"तो ये समजतोय. वळवलं बघ त्याने इकडे."

होडी खरंच वळली होती. आत्याचा हात तिथेच थांबला. मागून आलेली लाट होडीला उचलून पुढे निघाली, आणि हेकाऊने उलटं वल्हं मारून ती लाट कशीबशी होडीखालून पुढे जाऊ दिली. बायकांमधून एक दबका आवाज उठला. मग सगळेच हात हलवू लागले. कुणी जा म्हणत होतं, कुणी ये.

मी ओट्यावर पुढे झाले तशी विलितामाकाकांनी माझा दंड धरला. चर्चमधले वडीलधारे, बाबांचे मासेमारीतले जुने सोबती. म्हणाले, हे बाईमाणसाचं काम नाही, मी उभा राहतो.

"काका, हेकाऊ दिसतोय का तुम्हाला?"

ते बराच वेळ पाहत राहिले. "ठिपका दिसतो."

"ठिपक्याला काय सांगणार?"

त्यांनी दंड सोडला. मग मागे वळून, रविवारी लावतात तो आवाज लावला. "खाली बसा. सगळ्यांनी. तिवा, तूसुद्धा."

माणसं ओल्या खडकावर बसली. उभी राहिले मी एकटी. मी हात वर केला, आणि होडी थांबली.

लाटा येत राहिल्या. मध्येच पाणी शांत झालं, आणि मागे कुजबुज सुरू झाली, आता, आता. मी हात वरच ठेवला. चिरीतलं पाणी अजून बाहेर ओढलं जात होतं, तळाचा काळा दगड उघडा पडला होता. बाबा म्हणायचे, ही शांतता नव्हे, समुद्र श्वास घेतोय. पुढची लाट ओट्यावर फुटून माझ्या कमरेपर्यंत आली. कुजबुज थांबली.

तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली. होडी वर ओढायला चार गडी लागतात, आणि या पाण्यात चार गडी ओट्याच्या कडेला उभे राहू शकणार नव्हते. मला फक्त माणूस आत घेता येत होता, होडी नाही. ती होडी बाबांनी स्वतः कोरली होती. त्यांच्या हातचं आमच्याकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं.

काळा दगड बुडाला. मी हात खाली आणला.

हेकाऊ एका लाटेच्या पाठीवरून आला, अगदी नीट, बाबांनी नावं ठेवली नसती असा. चिरीच्या तोंडाशी मी दोन्ही हात बाजूला फेकले. त्याने ते पाहिलं. मान हलवली, आणि वल्हं आणखी घट्ट धरलं.

"सोड तिला, हेकाऊ."

"नाही, ताई."

त्याच्या मागे पाणी उभं राहत होतं.

"सोड रे, मेल्या," मागून आत्या ओरडली. "माझ्या भावाची होडी आहे ती, मी सांगते सोड."

त्याने उडी मारली. विलितामाकाकांचा मुलगा मागून धावत आला, त्याने आणि मी हेकाऊला शर्टाला धरून वर खेचलं, आणि ती लाट होडीला घेऊन खडकावर आदळली. लाकूड फुटल्याचा आवाज झाला, फार मोठा नाही.

हेकाऊचे गुडघे सोलून निघाले होते. उलांडीचा एक तुकडा चिरीत गरगरत होता, आणि तो आणायला हा पुन्हा उठला. मी शर्ट सोडला नाही.

"बाबांची होडी होती, ताई."

मी म्हटलं, हो.

अंत्यविधीला तो रडला नव्हता. दिवसभर लोकांसाठी खुर्च्या मांडत होता. आता त्याने माझ्या खांद्यावर तोंड दाबून धरलं. तुकडा एकदा वर आला आणि ओट्याखाली ओढला गेला. तो जाताना मी पाहिला, त्याने नाही.