सहावा स्क्रीनशॉट

नामुकोलोला त्या आठवड्यात एका जागी बसवत नव्हतं. ती शिकवत असलेल्या नववीची कॉम्प्युटरची प्रात्यक्षिक परीक्षा दहा दिवसांवर आली होती आणि दुष्काळाने धरणं आटल्यामुळे वीज दिवसदिवस गायब. शाळेतल्या अकरा कॉम्प्युटरपैकी चालू चार. मुलं बेचाळीस.

म्हणून ती शनिवारी मोंगू शहरात जायची. तिथे एका दुकानात जनरेटरवर कॉम्प्युटर चालायचा. त्यावर ती प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट घ्यायची: तक्ता कसा उघडायचा, बेरजेचं सूत्र कुठे लिहायचं, कोणतं बटण दाबायचं. सोमवारी ती चित्रं बॅटरीवरच्या छोट्या प्रोजेक्टरने वर्गाच्या पांढऱ्या भिंतीवर पाडायची.

"आधी अख्खा पडदा वाचा, चारही कोपरे. मग हात वर करा," असं रोज बजावायची.

त्या सोमवारी सहावं चित्र भिंतीवर आलं आणि सेपिसो उभी राहिली. वर्गातली सगळ्यात चौकस पोर.

"मॅडम, खाली कोपऱ्यात एक निरोप आहे. वाचू?"

"वाच की," नामुकोलो खडू शोधत म्हणाली.

"'लुसाकाच्या बदलीचं काम झाल्यातच जमा आहे. नालिशेबो दिवस मोजतेय. शाळेत एवढ्यात बोलू नकोस.'"

नामुकोलोने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. निरोप लुसाकात राहणाऱ्या नवऱ्याचा, मुयुंदाचा होता. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिने आपले मेसेज उघडे ठेवले होते आणि घाईत प्रत्येक चित्र नीट पाहिलंच नव्हतं.

"म्हणजे मॅडम पळणार?" मेबेलो मोठ्याने बोलला.

"गप रे!" कुणीतरी त्याला ढोसलं.

"पुढचं चित्र बघा," नामुकोलो म्हणाली. सातवं आलं, आठवं आलं. भिंतीकडे कुणी पाहतच नव्हतं, सगळे तिच्याकडे पाहत होते.

दुपारी हेडमास्तर बो सितालींनी बोलावून घेतलं.

"मला हे पोरांच्या तोंडून कळावं?"

"पत्र हातात पडलं की सांगणार होते, बो सिताली."

"तुमच्या आधीचे दोघं शिक्षकही असंच म्हणाले होते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परीक्षेपर्यंत तरी आहात ना?"

"आहे."

पण वर्ग रुसला. मंगळवारी एकही हात वर झाला नाही. नामुकोलो सुट्टीत व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची, फोन काढायची, परत ठेवायची. डब्यातला बुहोबे, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तसाच गार व्हायचा. बुधवारी तिने मधेच प्रोजेक्टर बंद केला.

"ऐका. माझी मुलगी, नालिशेबो, सहा वर्षांची आहे. वर्षातून दोनदा भेटते. मागच्या वेळी ती माझ्याशी लाजत बोलली, पाहुण्यांशी बोलतात तशी. मला जायचंय. आणि तुम्हाला सोडून जायला जिवावर येतंय. दोन्ही खरं आहे."

सेपिसोने विचारलं, "मग आम्हाला चित्रं कोण काढून देणार?"

"तुम्हीच काढा," ती बोलून गेली. हे आपण आधी का नाही केलं, असं तिचं तिलाच वाटलं.

गुरुवारी तीन वाजता अचानक वीज आली. पोरं धावतच आली. एकेका कॉम्प्युटरपुढे दहा-अकरा डोकी, ढकलाढकली, "माझी पाळी", "सरक ना!" दोन तासांत चित्रं निघाली, पण निम्मी चुकलेली. मेबेलोच्या रकान्यात आकड्यांऐवजी नुसत्या जाळीसारख्या खुणा होत्या. सेपिसोच्या सूत्रात बरोबरचं चिन्हच नव्हतं. नामुकोलो ती चित्रं पुसायला लागली.

"नका पुसू, मॅडम!" सेपिसोने तिचा हातच धरला. "परीक्षेत आमचं हेच होणार आहे."

शुक्रवारी भिंतीवर चुकांची चित्रं आली.

"हे कोणाचं ध्यान?"

"मेबेलोचं!"

"काय बिघडलंय?"

"रकाना अरुंद आहे! रुंद करा!"

वर्ग इतका कल्ला करत होता, की शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले. परीक्षेपर्यंत रोज हेच चाललं.

परीक्षेला जनरेटर मागून आणला होता. चार-चार मुलं आत जात होती. मेबेलोच्या पडद्यावर पुन्हा त्या खुणा उमटल्या. त्याने गालातल्या गालात हसत रकाना रुंद केला. नामुकोलो दारातून पाहत होती. आत जायची तिला परवानगी नव्हती आणि बाहेर उभं राहवत नव्हतं.

बदलीचं पत्र पुढच्याच आठवड्यात आलं. सगळी चित्रं एका पेनड्राइव्हमध्ये भरून तिने सेपिसोच्या हातात ठेवली आणि नव्या वर्षाच्या आधी लुसाका गाठलं. बेचाळीसपैकी पस्तीस पास झाल्याचं जानेवारीत फोनवर कळलं. आता नालिशेबो रोज तिच्या कुशीत शिरून झोपते. जिवाला स्वस्थता येईल, असं नामुकोलोला वाटलं होतं, पण मन त्या वर्गातच घुटमळत होतं.

फेब्रुवारीत बो सितालींचा मेसेज आला. नवीन शिक्षक अजून मिळालेला नाही. सेपिसो आणि मेबेलो आठवड्यातून दोनदा नववीच्या नव्या वर्गाला चित्रं दाखवतात. ठीक चाललंय, काळजी नसावी.

तिने तो तीनदा वाचला.

"काय झालं?" मुयुंदाने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि उठून नालिशेबोचा डबा भरायला लागली.