साक्षीदाराची जागा

अर्ज भरायची मुदत तीनला संपत होती, आणि दोन वाजता ताईंनी सही भलत्याच जागी केली.

"अहो ताई!" वकिलांनी कपाळावर हात मारला. "खासदारकीला उभ्या तुम्ही, आणि सही साक्षीदाराच्या रकान्यात?"

ताईंनी कागदाकडे पाहिलं. खरंच की. चौकशीला म्हणून नेलेल्या, परत न आलेल्या माणसांच्या घरच्यांबरोबर बावीस वर्षं त्या फिरत होत्या. त्यांच्या तक्रारींवर सही करायची ती कायम खाली, डाव्या कोपऱ्यात, साक्षीदार म्हणून. हाताला दुसरी जागा ठाऊकच नव्हती.

"संसदेतही दाराबाहेरच्या बाकावर बसाल तुम्ही," वकील करवादले आणि नवा अर्ज आणायला जिना उतरले.

खोलीत ताई आणि मावशी उरल्या. मावशींच्या मुलाला नेलं त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर सोमवारी दोघी पोलीस चौकीत अर्ज देत. उत्तर येत नसे, पोच तेवढी मिळे. पण नेम म्हणजे नेम. तापातही चुकवला नव्हता.

"निवडून आलीस तर सोमवारी माझ्याबरोबर कोण गं?"

हा प्रश्न येणार, हे ताईंना आठवडाभर माहीत होतं. थाप मारायचंही त्राण उरलं नव्हतं.

"मला नाही जमणार, मावशी. दार ठोठावून हात भरून आलेत. एकदा आत जाऊन बघते."

"आणि माझा पोरगा?"

"त्याचं नाव तिथं घेईन. कोणी ऐकेल, असं नाही म्हणत."

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

वकील धापा टाकत आले. "हा शेवटचा हं!"

ताईंनी पेन घेतलं. हात पुन्हा खाली, डावीकडेच निघाला. मावशींनी मनगट धरलं.

"वर कर. ती जागा माझी."

ताईंनी वर सही केली. मावशींनी पेन ओढून घेतलं.

"पलीकडच्या गल्लीतली ती सून आहे ना, गेल्या महिन्यात नवरा नेलेली? सोमवारी तिला नेते. बिचारीला वाटतंय, आठ दिवसांत सुटेल."

ताईंनीच शिकवलेली अक्षरं मावशी एकेक करून काढू लागल्या. वकील घड्याळाकडे बघत होते, पण घाई करा, असं कोणीच म्हणालं नाही.