सुफियाचं वाक्य

रात्रपाळी सुटल्यावर माणसाला एकच गोष्ट हवी असते, झोप. आमच्या कंपनीला मात्र पॅकिंगच्या बायकांना इंग्रजी शिकवायची हौस आली. रांजणगावात रात्रभर उभं राहून खोकी भरायची, आणि सकाळी शिरूरच्या बसमध्ये बसायचं सोडून कॅन्टीनमध्ये ट्रेनिंग. सुख एवढंच, की तिथे बसायला खुर्ची होती.

शेजारी सुफिया बूट काढून बसली होती. बाकीच्यांची पाळी फिरते, पण हिला तीन महिने सलग रात्रच, कारण ही कुरकुर करत नाही. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. तिची सहा वर्षांची माहिरा रात्री शेजाऱ्यांकडे झोपते. सकाळी ही पोचते तेव्हा पोर शाळेत गेलेली, आणि संध्याकाळी पोर जरा बिलगली की हिची बस येते. दिवसपाळी मागायला ती सुपरवायझर इंद्रजीत सरांकडे कितीदा गेली, आणि "सर, ते जरा..." म्हणून परत आली. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा.

ट्रेनिंगच्या माया मॅडमनी फळ्यावर शब्द लिहिला, टिमिडली. "म्हणजे बिचकत, घाबरत घाबरत. एकेकीने उभं राहून वाक्य करा." इंद्रजीत सर मागे चहा पीत बसले होते.

मी मांजरीवर एक वाक्य करून भागवलं. मग सुफिया उठली, अनवाणीच.

"आय टिमिडली आस्क इंद्रजीत सर फॉर डे शिफ्ट."

"व्हेरी गुड!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. सरांनीही, हसत हसत. मला रडूच आलं. बाईने एवढं धाडस केलं, आणि त्यालाही नुसते मार्क मिळाले.

"बसा आता," मॅडम म्हणाल्या.

सुफिया बसली नाही. मागे वळली.

"सर, वाक्य झालं. आता पाळीचं सांगा."

"बघू नंतर. बसा तुम्ही."

"न्हाई सर. रातभर उभीच हाय. आजून थोडी ऱ्हाते."

खरं सांगते, मला खुर्ची सोडवत नव्हती. तरी उठले. मग मागची सविता उठली, तिच्या पलीकडची दगडाबाई उठली.

सरांनी कप खाली ठेवला. "बरं बाई, सोमवारपासून दिवसपाळी. आता तरी बसा!"

सुफिया बसली, आणि बसल्या जागी झोपली. बाहेर बसचा हॉर्न वाजला तरी मी तिला लगेच उठवलं नाही.