अटाराच्या मांडीवरचा दगड

मित्रांनो, वाटेत दिसलो तर तुम्ही सहज ओलांडून पुढे जाल, असा मी एक जुना काळा दगड आहे. पण मी साधासुधा धोंडा नाही बरे का! मी जात्याचा वरचा दगड आहे. आमच्याकडचे जाते गरगर फिरत नाही. खालच्या पसरट दगडावर जव घालायचे, गुडघे टेकायचे आणि मला दोन्ही हातांनी पुढे-मागे रेटायचे. खांदे भरून येतात, गुडघ्यांना घट्टे पडतात. म्हणूनच हे काम नेहमी घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या गळ्यात पडते.

उत्तरेकडच्या काळ्या खडकातून मला घडवले आणि यहूदाच्या डोंगरातल्या एका खेड्यात आणले. तिथे सातव्या दिवशी मी गप्प असे. हा विसाव्याचा दिवस, म्हणजे शब्बाथ, कशासाठी, असे कोणी विचारले की म्हातारे सरळ सांगत, "अरे, बैलाला दम नको खायला? गाढवाला नको? दासीच्या पोराला नको?" संपले. मला ते फार पटायचे. दाण्याच्या व्यापाऱ्यांना मात्र पटत नसे. "कधी एकदा हा शब्बाथ संपतोय आणि पोती सोडतोय," म्हणून ते दिवसभर चुळबुळत. पुढे जाणती मंडळी आणखी एक कारण सांगू लागली. आपण मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होतो, तिथे आपल्याला कोणी 'बस जरा' म्हटले नव्हते. देवाने सोडवले, हे विसरू नका. आपल्या दासालाही आपल्यासारखेच विसावू द्या.

मग बाबेलचे सैन्य आले. गाव जळाले, माणसे दूर बाबेलला हाकलून नेली. ज्या घरात मी होतो, तिथल्या बाईने मला डोक्यावर घेतले. माझा खालचा जोडीदार जड म्हणून मागेच राहिला. त्याची आठवण मला अजून येते.

बाबेलात मंदिर नव्हते, वेदी नव्हती. सातवा दिवस तेवढा कोणाला लुटता आला नाही, म्हणून लोकांनी तो घट्ट धरून ठेवला. पण त्या बाईची पणती अटारा हिला तोही मिळाला नाही. ती लहान वयातच एका बाबिली घरी दळायला राहिली, बरोबर मला घेऊन. तिथली मालकीण हसायची, "तुमचा देव सातव्या दिवशी दमतो म्हणे! आमचे नाही गं दमत. दळ मुकाट्याने." अटारा रडत मला रेटायची. तिचे अश्रू पिठात पडलेले मी पाहिले आहेत.

तिची आई भेटायला आली की तिच्या तळहातांना तेल चोळत म्हणायची, "आकाश आणि समुद्र करणारासुद्धा सातव्या दिवशी थांबला, बाळ. दमला म्हणून नाही, सगळं चांगलं झालं म्हणून. हा दिवस जगाच्या सुरुवातीपासून आहे. तुझ्या मालकिणीच्या कितीतरी आधीपासून." मित्रांनो, बैलाच्या विसाव्यापुरता असलेला माझा शब्बाथ तिथे आभाळाएवढा झाला.

पुढे आमच्या लोकांना मायदेशी जायची मुभा मिळाली आणि अटारा म्हातारपणी यरुशलेमला आली, तेव्हा मीही आलो. तिचा मुलगा शफट्या शब्बाथाच्या बाबतीत फार कडक. शब्बाथ आदल्या सूर्यास्तापासूनच धरतात, म्हणून सूर्य कलला की वेशीचे दरवाजे लावायला हा सर्वांत पुढे. बाहेर समुद्रकाठच्या सोरचे मासेवाले टोपल्या घेऊन ताटकळले, तर तटावरून ओरडायचा, "भिंतीला टेकून बसू नका, हाकलून देईन!" एवढा कडक माणूस, पण चुकला तो शब्बाथ पाळता पाळताच.

त्याच्या घरी तिम्ना नावाची अदोमी, म्हणजे शेजारच्या परक्या मुलखातली, दासी होती. शब्बाथाला घरातले कोणी कामाला हात लावत नसत, म्हणून आधी पाणी भरणे तिच्यावर आले, मग विस्तव. त्या आठवड्यात तिचा उजवा खांदा सुजला होता आणि ती फक्त सातव्या दिवसाची वाट पाहत होती. नेमके दरवाजे लागता लागता पाहुणे आले आणि होत्या-नव्हत्या भाकरी रात्रीच संपल्या. सकाळी शफट्या हळूच तिच्यापाशी आला.

"तिम्ना, थोडं दळ. आणि हळू दळ, गल्लीत ऐकू जायला नको."

तिने गुडघे टेकले. मी सरकलो. तिच्या तोंडून बारीक कण्हणे निघाले. अटाराला हल्ली कमी ऐकू यायचे, पण माझा आवाज तिला भिंतीपलीकडूनही कळायचा. ती आली, मला उचलले आणि मांडीवर घेऊन खाली बसली.

"आई, दगड दे. पाहुणे उपाशी आहेत."

"शब्बाथ आहे ना रे आज?"

"मी कुठे हात लावतोय? ती दळतेय. ती अदोमी, आपल्यातली थोडीच आहे."

"गाढव आहे का आपल्यातलं? त्याला सोडलंस ना सावलीत? गाढवाला सोडलंस आणि हिला बांधलंस?"

"देव थांबला म्हणून आपण थांबतो, आई."

"थांब की! तुला कोण उठवतंय? पण आपण दास होतो म्हणून हिलाही थांबवायचं, ते कोणी पाळायचं? मी दळलंय रे असं, सातव्या दिवशी. याच दगडावर."

शफट्या कासावीस झाला. "अगं, निदान तो खाली ठेव. आज ओझं उचलायचं नसतं."

"उचलला खरा," अटारा म्हणाली. "आता खाली ठेवणंही कामच की. तारे दिसून शब्बाथ संपेपर्यंत असू दे मांडीवर."

आणि ती तशीच बसून राहिली. पाहुण्यांनी अंजिरे आणि ऑलिव्ह खाल्ले, कोणी मेले नाही. अटाराचे पाय बधिर झाले, तरी ती हलली नाही. तिम्ना भिंतीशी आडवी झाली आणि भरदिवसा गाढ झोपली. एवढी वर्षे मी माणसांच्या हाताखाली काढली, पण तिचा तो शांत श्वास ऐकताना मला पहिल्यांदा सुख म्हणजे काय ते कळले.

पुढच्या शब्बाथाआधी, सूर्य कलायच्या वेळी, शफट्याने स्वतः मला खालच्या दगडावरून काढले आणि तिम्नाच्या हातात दिले. "तुझ्याकडे ठेव," तो खाली बघत म्हणाला. "तू देशील तेव्हाच जातं चालेल."

आता मी झिजून पातळ झालो आहे, कामाचा राहिलो नाही. मला सांभाळा, असे मी म्हणणार नाही. मित्रांनो, एवढेच करा. तुमच्या विसाव्याच्या दिवशी जरा गप्प राहून कान द्या. घरात कुठे कोणी हळू आवाजात दळत असेल, तर उठा आणि तिच्या हातातला दगड आपल्या मांडीवर घ्या.